ओल्या केकचा तळ गिच्च का होतो?

प्रश्न : रसमलाई केकवर दूध ओतलं की तळ गिच्च होतो, वरचा भाग मात्र कोरडाच. काय चुकतं?

उत्तर : दूध मुरावं म्हणून केकला पाडलेली भोकं चुकतात. काट्याची बारीक भोकं लगेच मिटतात, आरपार गेलेल्यांतून दूध थेट तळाशी उतरतं. विणायच्या जाड, स्वच्छ सुईनं दोन-दोन सेंटिमीटरवर, पाऊण खोलीपर्यंतच टोचा. 7 इंची केकला 200 मिली कोमट दूध, 3 मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क, केशर, वेलची पुरे. केक ओव्हनमधून काढल्यावर 15 मिनिटांनी, डब्यातच ठेवून, हे दूध चमच्यानं तीन टप्प्यांत घाला. सुरुवात कडेपासून, कारण कडाच जास्त सुकतात. भोकांत दूध साचून राहिलं की थांबाच, उरलेलं वाढताना घ्या. आणि लोण्याचा जड केक नकोच, अंड्याचा हलका स्पंज दूध छान पितो. मग फ्रिजमध्ये चार तास.