भावाशी माझं एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) अर्धंच जुळतंय. पूर्ण जुळणाऱ्या दात्यासाठी थांबावं का?

ताई, भावाला एएमएल हा रक्ताचा कर्करोग आहे, डॉक्टर तुमच्या अर्ध्या जुळणाऱ्या स्टेम सेलवर (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींवर) ट्रान्सप्लांट करू म्हणतात आणि नातेवाईक म्हणतात पूर्ण जुळणारा दाताच हवा, असा तुमचा पेच आहे. मी डॉक्टर नाही. पण माझ्या वडिलांना मी अशाच अर्ध्या जुळणाऱ्या पेशी दिल्या आहेत, आणि त्याआधी आमच्याही घरात याच प्रश्नावर बरेच दिवस खल चालला होता.

नातेवाईक सांगतात ते एके काळी खरंच होतं. टाटा मेमोरियलमध्ये १९८३ साली देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, त्या काळात पूर्ण जुळणारं सख्खं भावंड असलं तरच डॉक्टर पुढे जायचे. आणि तसं भावंड मिळण्याची शक्यता प्रत्येक भावंडामागे चारात एक. दोन-तीन मुलांच्या घरात बहुतेकांची निराशाच व्हायची.

हे बदललं ते सायक्लोफॉस्फमाइड या जुन्याच केमोच्या औषधामुळे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ते पेशी चढवल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी द्यायची पद्धत बसवली. रुग्णाच्या शरीराला परकं समजून दात्याच्या ज्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) चवताळून वाढायला लागतात, त्या या औषधाने मरतात. स्टेम सेलकडे मात्र हे औषध निकामी करणारं एन्झाइम भरपूर असतं, म्हणून त्या तगतात. आता तर पूर्ण जुळणाऱ्या दात्यांच्या बाबतीतही ही पद्धत वापरू लागलेत.

पूर्ण जुळणारा तरुण दाता आत्ता हाताशी असेल तर डॉक्टर त्याचा विचार करतीलच. पण त्याच्यासाठी वाट बघत बसणं मला धोक्याचं वाटतं. जगभरच्या दात्यांच्या रजिस्ट्रींमध्ये चार कोटींहून जास्त लोक आहेत, पण त्यात युरोपीय वंशाचे फार. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं, त्यामुळे आपल्याशी जुळणारा माणूस बहुधा आपल्यातलाच निघणार, आणि आपल्या लोकांची नोंदणी कमी. आम्ही सात आठवडे थांबलो. तेवढ्यात बाबांचे ब्लास्ट (कर्करोगाच्या अपक्व पेशी) पुन्हा वाढले आणि एक जादा केमो घ्यावी लागली. ते आठवडे मला आजही खुपतात.

अर्धे जुळणारे दोघंतिघं असतील तर त्यातला कोण, हा प्रश्न खरा महत्त्वाचा. दादा ४१ चा, मी २९ चा, दोघंही अर्धेच. मला निवडलं ते मुख्यतः वयामुळे. रक्तगट वेगळा असला तरी चालतो. बाबांचा बी पॉझिटिव्ह होता, आता माझा ओ पॉझिटिव्ह झालाय! तुमचं बाळंतपण झालं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण पुरुष रुग्णाला अशा दात्याच्या पेशी दिल्या तर जीव्हीएचडीचा, म्हणजे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करण्याचा, धोका थोडा वाढतो.

आणि डीएसए, म्हणजे दात्याविरुद्धच्या अँटिबॉडीची, तपासणी झाली का, हे आजच विचारा. भावाला आतापर्यंत रक्ताच्या, प्लेटलेटच्या पिशव्या चढल्या असतील. त्यातून त्याच्या रक्तात नेमक्या तुमच्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या असतील तर तुमच्या पेशी न रुजण्याचा धोका वाढतो. त्या जास्त निघाल्या तर आधी कमी करायचे उपचार करतात किंवा दाता बदलतात.

देण्याची भीती बाळगू नका. चार-पाच दिवस स्टेम सेल रक्तात उतरवायची इंजेक्शनं, तेव्हा माझी कंबर नि मांड्या ठणकायच्या, पॅरासिटामॉलने भागलं. मग रक्तातून त्या पेशी वेगळ्या काढणाऱ्या मशीनला चारेक तास. ओठांना मुंग्या आल्या तेव्हा सिस्टरने कॅल्शियम दिलं. शेवटी हातात आली ती टोमॅटोच्या साराच्या रंगाची एक छोटी पिशवी. बाबा काचेपलीकडे होते, त्यांना ती दाखवली तर त्यांनी नमस्कारच केला.

डीएसएचा रिपोर्ट आला की इथेच लिहा, मी बघत असतो.