कोन मोजले, बेरीज १८० भरेना

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. वहीत त्रिकोण काढून तिन्ही कोन मोजते, तर बेरीज कधी १७७ अंश येते, कधी १८२. तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश हा नियम खोटा, असं तिचं म्हणणं. काय सांगावं?

उत्तर : तिचा संशय चांगला आहे, चूक मोजण्यात आहे. प्लॅस्टिकच्या बऱ्याच कोनमापकांत शून्याची रेषा कडेपासून थोडी वर असते. मुलं कडच बाजूवर टेकवतात, त्यामुळे मध्यबिंदू शिरोबिंदूवर बसत नाही. शिवाय प्रत्येक कोनात एकेक अंश चुकला तरी बेरजेत तीन अंशांपर्यंत फरक पडू शकतो. त्रिकोण मोठा काढा, बाजू निदान १० सेंमीच्या, म्हणजे त्या अंकांपर्यंत पोचतील. पेन्सिलीला टोक हवं.

बेरीज २२० वगैरे आली तर दुखणं वेगळं : उलट बाजूचे अंक वाचून ७० चे ११० केलेत. कोन काटकोनापेक्षा लहान की मोठा, हे मोजण्याआधी डोळ्यांनी ठरवायचं.

कागदाचे तिन्ही कोपरे फाडून शेजारी शेजारी लावले की सरळ रेषा दिसते. गंमत छान, पण ती सिद्धता नव्हे; तिथेही अंशभर फट राहते. खरी सिद्धता अशी : त्रिकोण अबक मध्ये अ मधून बक ला समांतर रेषा काढा. अ पाशी तीन कोन सरळ रेषेवर बसतात. मधला त्रिकोणाचाच; कडेचे दोन हे ब आणि क चे व्युत्क्रम कोन (समांतर रेषांना छेदणाऱ्या रेषेच्या विरुद्ध बाजूंचे आतले कोन), म्हणून त्यांच्याएवढेच. सरळ कोन १८० चा. इथे काही मोजलेलंच नाही, त्यामुळे कोनमापकाची चूक शिरायला जागा नाही.

प्रश्न : बाह्यकोन म्हणजे ३६० वजा आतला कोन ना?

उत्तर : नाही. बाजू पुढे वाढवल्यावर बाहेर होतो तो. म्हणजे १८० वजा आतला. दूरचे दोन आंतरकोन ५० आणि ६० असतील तर बाह्यकोन थेट ११०.

प्रश्न : गवंडी ३-४-५ ने, म्हणजे ३, ४ आणि ५ मापांच्या बाजूंचा त्रिकोण आखून, काटकोन काढतात. तो अचूक असतो का?

उत्तर : गणित अचूक आहे : ३ आणि ४ च्या वर्गांची बेरीज ५ च्या वर्गाएवढी, ९ + १६ = २५. टेप मात्र सैल राहतो. ३-४-५ फुटांत तिरक्या मापात इंचभर चूक झाली तर कोन सुमारे २ अंशांनी सरकतो. ६-८-१० घेतलं तर एकाच अंशाने. तो एक अंशही २० फुटी भिंतीच्या टोकाला चार इंच होतो. जागा असेल तर ९-१२-१५ घ्या.