मुलं एकदाच ऐकलेला शब्द लगेच कसा शिकतात?

शब्द कशाचा आहे हे मुलं लगेच ओळखतात, पण तो पक्का व्हायला वेळ लागतो.

1978 साली सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट या संशोधकांनी तीन-चार वर्षांच्या मुलांना दोन ट्रे दाखवून सांगितलं, ‘निळा नको, क्रोमियम ट्रे आण.’ ‘क्रोमियम’ हे त्यांनी गर्द हिरवट रंगाला दिलेलं नाव. मुलांनी बरोबर ट्रे आणला! काही दिवसांनीही बऱ्याच मुलांना तो रंगाचा शब्द आहे एवढं आठवत होतं, नेमका कोणता रंग ते मात्र धूसर. मला हे अर्धवट आठवणंच फार मोलाचं वाटतं, कारण पुढचा अर्थ त्यावरच चढत जातो.

2008 मधल्या एका प्रयोगात दोन वर्षांच्या मुलांनी नव्या शब्दाची वस्तू अचूक उचलली, पण पाचच मिनिटांनी ती त्यांना ओळखता येईना. वस्तू हातात धरून, बोट दाखवून नाव सांगितलं, तेव्हा मात्र शब्द टिकला.

म्हणून घरी ‘चमचा नको, झारा दे’ म्हणालात, तर मुलाने आणलेला झारा हातात घेऊन ‘हा झारा’ असं पुन्हा म्हणा. उद्या पुरी तळतानाही म्हणा.