पहाटे पाचचं रुटीन, गालावरचे वांग आणि आपली कोकणची हवा

वयाने मोठी आहे, म्हणून सरळ अगं-तुगं करते. तू गुहागरला होमस्टे चालवतेस, साडेसातला पाहुण्यांना नाश्ता द्यावा लागतो, गालांवर वांग आलेत, केस मुठीमुठीने गळतायत. त्यात यशस्वी बायकांच्या सकाळचे व्हिडिओ बघून पाचचा गजर लावलास. बर्फाने चेहरा चोळणं, गरम लिंबूपाणी, सात-आठ थरांचं स्किनकेअर, डायरी. आठवडाभरात जीव मेटाकुटीला आला आणि आता विचारतेस, यातल्या नक्की कुणाचं रुटीन उचलू?

माझं रत्नागिरीत पार्लर आहे. बँकेतल्या मॅडमपासून बंदरावर मासे घेणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्या खुर्चीत बसून गेल्यात. त्या अनुभवावर सांगते, बर्फ नि डायरी बाजूला ठेव. त्या व्हिडिओंमध्ये एक गोष्ट दाखवत नाहीत, ती म्हणजे बाई आरशासमोर असते तेव्हा गॅसपाशी कोण असतं.

मिशेल ओबामांची पहाटे साडेचारच्या व्यायामाची गोष्ट सगळीकडे फिरते. पण तिची सुरुवात कशी झाली ते त्यांनी स्वतःच सांगितलंय. मुलगी तान्ही होती, पहाटे दुधासाठी उठायची, नवरा शेजारी गाढ झोपलेला. मग यांच्या लक्षात आलं की आपण त्या वेळी जिमला निघून गेलो तर बाळाला दूध पाजायला त्याला उठावंच लागेल. आणि तो उठला! म्हणजे आधी एक काम दुसऱ्याच्या गळ्यात पडलं, व्यायाम त्यानंतर जमला. आपल्याकडे 2019 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जातो असं निघालं. पुरुषांचा 97. आणि हे 97 सुद्धा जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचे, बाकीचे धरलेच नाहीत. तेव्हा स्वतःसाठी लागणारी पंधरा मिनिटं झोपेतून कापू नकोस, या 299 मधून काढ. पाहुण्यांचा पहिला चहा नवऱ्याने करायचा. घावन्याचं तांदळाचं पीठ रात्रीच भिजवून ठेवायचं, खोबरंही रात्रीच खवून फ्रिजमध्ये. सासूबाई काय म्हणतील हा प्रश्न मला विचारू नकोस, त्यावर माझ्याकडे क्रीम नाही.

झोपेचंही तेच. अरियाना हफिंग्टन, हफिंग्टन पोस्ट ही एवढी मोठी बातम्यांची वेबसाइट उभी करणारी बाई, 2007 मध्ये थकव्याने टेबलापाशी कोसळली आणि गालाचं हाड मोडून घेतलं. तेव्हापासून ती झोपेचाच प्रचार करते, फोन झोपायच्या खोलीबाहेर ठेवते. तू रात्री साडेअकराला भांडी आवरून पाचला उठणार, म्हणजे साडेपाच तास. मोठ्या माणसाला किमान सात लागतात. डोळ्यांखालची काळी वर्तुळं बर्फाने जात नाहीत गं.

आता चेहरा. व्हिडिओ बनतात दिल्लीच्या कोरड्या थंडीत नाहीतर परदेशात. आपल्याकडे हवेतच एवढं पाणी की सकाळी धुतलेला टॉवेल संध्याकाळी दमटच. त्यात जाड क्रीमचे थर चढवलेस की घामोळं आणि पुटकुळ्या ठरलेल्या. चेहऱ्याला खोबरेल तर नकोच, रोमछिद्रं बुजतात. सकाळी साध्या सौम्य फेसवॉशने तोंड धुवायचं, त्वचा ओढत असेल तरच हलकं जेलसारखं मॉइश्चरायझर, आणि मग सनस्क्रीन. झालं. लिंबू प्यायचं असेल तर पी, पण कापलेली फोड चेहऱ्यावर फिरवू नकोस. लिंबाचा रस अंगावर राहून ऊन लागलं की भाजल्यासारखे डाग पडतात, आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत.

सनस्क्रीनवर मात्र सगळ्या कंजुषी करतात. वाटाण्याएवढं घेतात, मग म्हणतात उपयोग नाही. तर्जनी आणि मधल्या बोटावर, बुडापासून टोकापर्यंत दोन रेघा, एवढं चेहऱ्याला आणि मानेला. एसपीएफ 30 किंवा 50, उन्हात असशील तर दर दोन तासांनी पुन्हा. वांगांसाठी खास सांगते, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन घे, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं. वांग नुसत्या अतिनील किरणांनी वाढत नाहीत, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वाढतात, आणि पांढरं सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. पावसाळी ढग असले तरी लावायचं. तू समुद्रासमोर राहतेस, वाळू आणि लाटांचा फेसही ऊन परत चेहऱ्यावर फेकतात. आणि ट्यूब स्कूटरच्या डिकीत ठेवू नकोस, तिथल्या उष्णतेत ती खराब होते.

वांगांना चुलीची धगही चालत नाही. पाहुण्यांना चुलीवरचं जेवण आवडतं हे मान्य, पण रोज त्या जाळासमोर तूच बसायला हवं असं नाही.

केसांचं आपल्याकडचं खरं दुखणं पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सकाळी न्हायचं, ओल्या केसांचा अंबाडा घालायचा आणि कामाला लागायचं. दुपारी अंबाडा सोडला की आत ओलाच, कुबट वास, टाळूला खाज. कोंड्याची बुरशी ओल आणि तेल दोन्हीवर पोसते. पावसात केस संध्याकाळी धू, पंख्याखाली पूर्ण वाळव, मगच बांध. खोबरेल चांगलंच आहे, केसाच्या आतपर्यंत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. म्हणून ते धुण्याच्या आधी तास-दोन तास लावायचं, आणि लांबीला. कोंडा असताना टाळूवर थापून चार दिवस ठेवायचं नाही. एप्रिल-मे मध्ये किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं, साबण फेसत नाही, केस चिकट होतात. तेव्हा शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचे ओत.

मुठीने केस गळणं मात्र तेलाने थांबणार नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय होता, तेव्हा तुलाही असेल तर नवल नाही. नाश्त्यावर लगेच चहा ढोसू नकोस, लोह अंगी लागत नाही. तासाभराने घे. आणि पाहुण्यांना वाढून झाल्यावर तव्यावर उरलेलं शेवटचं तुटकं घावन म्हणजे नाश्ता नव्हे.

यशस्वी बाई म्हणशील तर माझी एक जुनी गिऱ्हाईक सांगते. मिरकरवाडा बंदरावर उजाडायच्या आत लिलावाला उभी राहते, स्वतःचा टेम्पो आहे, दोन मुलगे तिच्या हाताखाली. हिचं सगळं सौंदर्यप्रसाधन आदल्या संध्याकाळी होतं. बर्फ-पाण्यात उभं राहून टाचांना भेगा पडतात. ती पाय कोमट पाण्यात बुडवते, पुसते आणि कोकम तेलाची वडी घेऊन बसते. मेणासारखी कडक असते ती, सुरीने पातळ खरवडायची, पळीत धरून दिव्यावर वितळवायची. कोमट झालं की बोटाने भेगेत भरायचं, वर जुने सुती मोजे. तेल आत गार होऊन गोठतं आणि भेग सकाळपर्यंत बुजल्यासारखी राहते. उरलेलं ओठांना. हातांचा वास घालवायला चिंचेचा कोळ. सकाळी फक्त तोंड धुणं, वेणी, आणि मोसमात मिळाला तर सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा. नऊला झोपते. मोठ्या ब्रँडच्या फूट क्रीमपेक्षा मला तिच्या टाचा जास्त पटवून गेल्या.

काजूच्या दिवसांत तूही सोलायला बसत असशील, तर आधी हातांना खोबरेल चोळ, हातमोजे घाल. ओल्या काजूचा चीक लागलेला हात चुकून गालाला लागला की वांगांवर नवा काळा डाग.

शेवटी तू ओझरतं लिहिलंयस ते. ओळखीतल्या कुणीतरी दिलेली बिनलेबलाची डबी, दोन आठवड्यांत चेहरा उजळला, आता ती न लावल्यास आग होते. मला याचीच सगळ्यात काळजी वाटली. इतक्या झटपट उजळतं ते बहुतेक वेळा स्टेरॉइडने, नाहीतर पाऱ्याने. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते. अशी बरीच मलमं 2018 पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, ती उगाच नव्हे. पारा तर मूत्रपिंडावर जातो. 2023 मध्ये केरळात मलप्पुरमला गोरेपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंडाचे पेशंट सापडले होते. स्टेरॉइड असेल तर एकदम बंद केल्यावर चेहरा भडकतो, आणि पारा असेल तर एक दिवसही लावायचं नाही, म्हणून पुढे काय करायचं ते घरी ठरवू नकोस. गुहागरला त्वचेचे डॉक्टर मिळाले नाहीत तर चिपळूणला जा, याच आठवड्यात, आणि डबी सोबत ने. लघवीची तपासणी करू का, असंही विचार. तोवर ती डबी लावू नकोस, चेहऱ्याला पाणी आणि साधं मॉइश्चरायझर, बाकी काही नको. वांगांवर काय लावायचं ते डॉक्टर काय म्हणतात ते कळल्यावर बोलू.