अमेरिकेत बर्फ पडल्यावर डिस्क गोल्फ खेळता येतं का? थंडीत खेळायचं तर काय काळजी घ्यावी?

प्रश्न विचारणारा भाऊ वरुडकडचा आहे, ऑगस्टपासून मिनेसोटात शिकतोय, रूममेटच्या नादानं डिस्क गोल्फ खेळायला लागला, अन् आता विचारतोय की बर्फ पडला की डिस्क बॅगेत भरून एप्रिलची वाट पाहायची की खेळत राहायचं.

खेळत राहा भाऊ. तू विद्यार्थी आहेस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नको. मी कामानिमित्त मिनियापोलिसच्या बाजूला २०१६ ते २०२१ असे पाच हिवाळे काढले अन् पाचही हिवाळे खेळलो, आता आर्णी तालुक्यात आपल्या गावी वावर सांभाळतो, पण डिस्क सोडली नाही. म्हणून तुझा प्रश्न पाहिला अन् राहवलं नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. गोल्फच आहे पण चेंडू-काठी नाही, हातानं प्लॅस्टिकची चकती फेकायची अन् कमीत कमी फेकीत ती लोखंडी खांबाला लटकवलेल्या साखळ्यांच्या टोपलीत घालायची. फ्रिसबीवर काम केलेल्या एड हेड्रिक नावाच्या माणसानं १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये याचं पहिलं कायमचं मैदान उभं केलं, साखळ्यांची टोपली पण त्याचीच कल्पना. तो २००२ मध्ये गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या. मला ही गोष्ट लय आवडते.

आता मुद्द्यावर. सगळे तुला थंडीची भीती घालतील, पण मी पाच वर्षांत एकच गोष्ट शिकलो, थंडी तेवढा त्रास देत नाही जेवढा ओल देते. ओला हात, ओली डिस्क, ओले मोजे, ओली बनियन, सगळा खेळ यांच्यापाशी बिघडतो. उणे १० ला कोरडा माणूस आरामात दोन तास खेळतो अन् शून्याच्या आसपास ओला झालेला माणूस अर्ध्या तासात गाडीकडे पळतो, हे मी डोळ्यानं पाहिलंय.

त्याच्यामुळं कपड्यांचं आधी सांगतो, अन् हे सांगताना मला बरं वाटत नाही कारण आमच्या घरी तीन पिढ्या कापूसच पिकतो. बर्फात सुती कपडा अंगाला लावू नको. पहिल्या डिसेंबरात मी आईनं पाठवलेली नवी सुती बनियन, त्याच्यावर सुती शर्ट, जीन्स, स्वेटर अन् वरून एक जाडजूड जॅकेट असा गेलो, अठरा टोपल्यांची चक्कर म्हणजे बर्फातून चांगली तास-दीड तासाची पायपीट होते, पाचव्या टोपलीपर्यंत आतून घाम सुटला, मग पुढच्या ग्रुपसाठी थांबलो तर तोच घाम पाठीवर थंडगार पट्टीसारखा बसला अन् दात वाजायला लागले. कापूस पाणी पितो अन् धरून ठेवतो, मे महिन्यात वावरात हाच त्याचा गुण आपल्याला वाचवतो, उपरणं भिजवून डोक्याला बांधलं की जीव थंड होतो, पण तोच गुण तिथं उलटा पडतो. आतून लोकरीची किंवा पॉलिस्टरची बनियन घाल, त्याच्यावर पातळ फ्लीस, अन् सगळ्यात वर वारा अडवणारं पातळ जॅकेट. जाड बाह्यांचं जॅकेट घातलं की हात मागे जातच नाही, त्यापेक्षा बिनबाह्यांचं जॅकेट बरं. घरून निघताना थोडं गार वाटलं पाहिजे, पार्किंगमध्येच उबदार वाटत असेल तर समजायचं की जास्त घातलं.

हाताचं सगळ्यात महत्त्वाचं. फेकायचा हात उघडा लागतो, हातमोज्यात डिस्कची कडा समजत नाही, काही लोक पातळ मोजा घालून फेकतात पण मला जमलं नाही. मी असं करायचो की डाव्या हाताला जाड मोजा कायम, अन् उजवा हात फेकेपर्यंत जॅकेटच्या खिशात, खिशात हात गरम करायची पुडी. ही पुडी तिथं कुठल्याही दुकानात मिळते, आत लोखंडाची भुकटी, मीठ अन् कोळसा असतो, पुडी फोडली की हवेतल्या ऑक्सिजननं लोखंड गंजायला लागतं अन् गंजताना उष्णता निघते, बस एवढंच. चांगली पुडी काही तास चालते, निघायच्या पंधरा मिनिटं आधी फोड, एकदम गरम होत नाही. दोन घे, एक हातासाठी अन् एक जी डिस्क पुढं फेकायची आहे तिच्यासोबत बॅगेच्या छोट्या कप्प्यात.

बोटांवर लक्ष ठेव. दुखतात तोपर्यंत ठीक आहे, दुखणं बंद झालं अन् टोकं मेणबत्तीसारखी पांढरी दिसायला लागली की तिथंच खेळ थांबव. बोटं काखेत दाबून धर, चोळू नको, बर्फानं तर अजिबात चोळू नको. अन् आपल्या गावाकडची सवय म्हणजे हात सरळ शेकोटीवर धरायचे, ती तिथं करू नको, बधिर बोटाला चटका कळत नाही अन् कातडी भाजून निघते. घरी आल्यावर कोमट पाणी. जाणीव परत आली नाही किंवा फोड आले तर सरळ डॉक्टर. वाऱ्यासकट उणे २८ जाणवत असेल तर उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते, म्हणून नुसतं तापमान पाहू नको, वाऱ्यासकटचा आकडा पाहून निघ. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ वर गेला होता, बाबा फोनवर सांगत होते की गावात कोणी शेकोटी सोडून उठत नाही, अन् महिन्याभरानं ३० जानेवारीला मिनियापोलिसमध्ये उणे ३३ झाले. असल्या दिवशी घरी बसायचं, त्यात कमीपणा नाही.

डिस्क थंडीत बदलते हे लक्षात ठेव. स्वस्त बेस प्लॅस्टिक कडक होतं अन् झाडावर आपटलं तर तडकू शकतं, काचेसारखं चकचकीत महागडं प्लॅस्टिक सहसा तडकत नाही पण हातातून साबणासारखं सटकतं. थंडीसाठी मऊ अन् पकड देणारं प्लॅस्टिक घे, इनोव्हाचं जीस्टार असल्याच कामासाठी आहे, बाकी कंपन्यांचेही तसे प्रकार मिळतात. रात्री डिस्क गाडीत ठेवू नको, घरात आण. दोन टॉवेल ठेव, एक बर्फ झटकायला अन् एक शेवटचं पुसायला, दुसरा जॅकेटच्या आत, कारण बर्फ लागलेली डिस्क गरम हातात घेतली की पाणी होतं अन् पुढच्या दोन मिनिटांत त्याच पाण्याचा कडेला पातळ बर्फ होतो.

अन् डिस्क लांब जात नाही म्हणून आपला हात बिघडला असं समजू नको. थंड हवा दाट असते. हवेचा दाब सारखा धरला तर उणे १५ ची हवा आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या हवेपेक्षा पाचव्या हिश्श्याहून जास्त दाट भरते, त्यात अंगावर तीन थर अन् पाय रोवून फेकायचं, मग डिस्क आखूड पडणारच. हळू फेकलेली डिस्क शेवटी डावीकडं जास्त वळते, म्हणजे उजव्या हातानं साधी बॅकहँड फेकणाऱ्याची, तेवढं गृहीत धरून निशाणा उजवीकडं घे.

पायाचं थोडक्यात. धावत येऊन फेकू नको, जागेवर उभं राहून फेक. बुटाला चढवायचे रबरी पट्ट्यातले छोटे खिळे मिळतात, ते घे. टी म्हणजे फेक सुरू करायची जागा गोठलेली असेल तर घरातलं जुनं पायपुसणं उलटं करून टाक, मी पाच वर्षं एकच पायपुसणं बॅगेला बांधून नेलं.

आता हरवण्याचं, कारण बर्फात डिस्क पडत नाही, शिरते. भुसभुशीत ताज्या बर्फात ती कडेवर आत जाते अन् आतल्या आत सरकत पाच-सात फूट पुढं जाऊन थांबते, वर फक्त एक चीर राहते, पैसे टाकायच्या मातीच्या गल्ल्याला असते ना, तेवढीच फट. नवा माणूस त्या फटीपाशीच उकरत बसतो. फट शोध, ती कुठल्या दिशेला तिरकी आहे ते पाहा अन् त्या दिशेला पुढून उकर. फेकणारा सोडून दुसऱ्या एकानं बाजूला उभं राहून ती कुठं शिरली ते डोळ्यात धरायचं, बाजूनं अंतर बरोबर कळतं. नियमानं शोधायला ३ मिनिटं मिळतात, आपसात खेळताना आम्ही तो नियम बर्फात बाजूला ठेवायचो. पांढरी अन् फिकट डिस्क घरी ठेव, गुलाबी, भगवी, गडद निळी ने. अन् मुख्य युक्ती अशी की दीड-दोन हात लांब रंगीत रिबीन डिस्कच्या पोटाला मधोमध पॅकिंग टेपनं चिकटव, डिस्क बर्फात गेली तरी शेपूट वर राहते. टेप घरातच, कोरड्या अन् कोमट डिस्कवर लाव, मैदानावर लावलेली टेप पहिल्याच फेकीत निघते. उड्डाणात थोडा फरक पडतो, डिस्क जाण्यापेक्षा तो बरा.

बर्फ वरून वितळून परत गोठला असेल तर सगळं उलटं. डिस्क शिरतच नाही, काचेवर ठेवलेल्या ताटासारखी घसरत जाते, टोपलीजवळून निघून उतारानं दुसऱ्याच टोपलीपाशी पोचते. असल्या दिवशी आखूड अन् वरून सरळ खाली पडेल अशी फेक. गोठलेल्या तळ्यावर गेली तर तिच्यामागं जाऊ नको. मिनेसोटाच्या सरकारी सूचनेप्रमाणे चालायला किमान ४ इंच चांगला, काचेसारखा पारदर्शक घट्ट बर्फ लागतो, अन् नोव्हेंबर-डिसेंबरात वरून पांढरं दिसलं तरी तेवढं जाड असेलच असं नाही. डिस्क परत विकत घेता येते.

दिवस लहान असतो, डिसेंबरात साडेचारला सूर्य बुडतो, कॉलेज सुटल्यावर खेळायचं तर डिस्कच्या पोटाला छोटा एलईडी लाव. मोबाईल आतल्या खिशात, थंडीत बॅटरी पटकन बसते अन् नेमकी गरज असते तेव्हा फोन बंद पडतो. एकटा जाऊ नको. जानेवारी-फेब्रुवारीत तुझ्या जवळपास आइस बोल नावाची हिवाळी स्पर्धा असेल तर नक्की जा, १९८७ पासून चालू आहे, भर थंडीत खेळतात अन् भुकेल्यांच्या अन्नासाठी मदत गोळा करतात, मी डाळीचे डबे घेऊन गेलो होतो, तिथंच माझे सगळ्यात जवळचे मित्र भेटले.

आता तू म्हणशील की हा गावी बसून बर्फाच्या गोष्टी सांगतो. पण इथं आर्णीकडं पण मी पौषात पहाटे खेळतो, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून सायकलच्या रिंगला जुन्या साखळ्या लावून तीन टोपल्या बनवून घेतल्या, एक धुऱ्यावर, एक विहिरीपाशी, एक चिंचेखाली. बर्फ नाही पण दहिवर इतकं पडतं की दोन फेकीत डिस्क चिंब होते, अन् चुकून हरभऱ्यात गेली तर पानावरची आंब लागते, ती आंबट अन् चिकट, बोटाला कुठं चिरा असतील तर झोंबते, पुसली नाही तर पुढची फेक हातातून कुठं सुटेल याचा नेम नाही. काळी माती बुटाला धरते तशीच जशी तिथं बर्फाची ढेपळं टाचेला धरायची. पुतण्या सोबत असतो, नववीत आहे, त्याला पहिल्या दिवशी उपरणं दिलं अन् सांगितलं, आधी पूस, मग फेक.

अन् डिस्कच्या आतल्या बाजूला नाव अन् फोन नंबर पक्क्या मार्करनं लिहून ठेव, आजच लिही. पहिल्या हिवाळ्यात, जानेवारीत, माझी आवडती गुलाबी डिस्क ताज्या बर्फात गेली, आम्ही चौघांनी अंधार पडेपर्यंत उकरलं, नाही सापडली, मी सोडून दिली. एप्रिलमध्ये बर्फ वितळला अन् एका अनोळखी म्हाताऱ्या माणसाचा फोन आला की तुझी डिस्क सातव्या टोपलीच्या मागच्या झुडपाखाली ओल्या पानांत पडली होती, मी पुसून ठेवली आहे, येऊन घेऊन जा. गेलो तर ती त्यानं कागदी पिशवीत घालून ठेवली होती, टॉवेलात गुंडाळून. आता तिच्यावर तिथल्या नंबराच्या खाली माझा गावचा नंबर लिहिलाय, अन् पुतण्या तीच फेकतो.