इंडी पॉप बँडचा पहिला अल्बम दौऱ्याच्या किती आधी काढावा आणि डिस्ट्रिब्युटरकडे कधी द्यावा?

पहिल्या शोच्या तीन-चार आठवडे आधी अल्बम काढा आणि त्याच्याही चार आठवडे आधी फाइल्स डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे गाणी स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडे द्या. कारण स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट बनवणाऱ्या संपादकांकडे फक्त प्रकाशित न झालेलं गाणंच पाठवता येतं, तेही एका वेळी एकच. रिलीजच्या किमान ७ दिवस आधी पाठवलं, तर तेच गाणं फॉलोअर्सच्या 'रिलीज रडार' या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये येतं. म्हणजे आठवडाभर आधी अपलोड करून भागत नाही. मधले दिवस तपासणीत जातात. घोळ होतो तो असा:

- कव्हरवर वेबसाइट किंवा इन्स्टाग्रामचा पत्ता असला की ते परत येतं. ३००० × ३००० पिक्सेलचं, स्वच्छ चित्र द्या.
- सिंगल म्हणून आधी आलेल्या गाण्याला तोच आयएसआरसी क्रमांक (रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा कोड) आणि तीच ऑडिओ फाइल द्या, नाहीतर जुने प्ले नव्या ट्रॅकवर दिसत नाहीत.
- डिस्ट्रिब्युटरकडे आपलं आर्टिस्ट प्रोफाइल जोडा. नाव साधं असेल तर गाणी दुसऱ्याच बँडच्या पानावर जाऊन बसतात, आणि ती हलवण्यात ऐन रिलीजचा आठवडा जातो.

शोमध्ये व्हायनल (रेकॉर्डची तबकडी) विकायचं असेल, तर मात्र हे वेळापत्रक विसरा. प्रेसिंगला काही महिने लागतात, त्यामुळे टेस्ट प्रेसिंग, म्हणजे छापलेली नमुना प्रत ऐकून पसंत केल्याशिवाय तारखा जाहीर करू नका.