विंडोजचं स्वयंचलित इन्स्टॉलेशन मध्येच अडकतंय? आधी अँटिव्हायरसचं क्वारंटाइन बघ

आन्सर फाइल (सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली फाइल) पुन्हा पुन्हा लिहीत बसू नकोस. ज्या मशीनवर तू विंडोजची इमेज (इन्स्टॉल करायची तयार प्रत) बनवतोस, तिथल्या अँटिव्हायरसची क्वारंटाइन यादी, म्हणजे संशयावरून बाजूला काढलेल्या फाइल्सची यादी, आधी उघड. ऑटोइट या स्क्रिप्टिंग साधनाने कंपाइल केलेल्या किंवा यूपीएक्स या कॉम्प्रेशन साधनाने आवळलेल्या एक्झी फाइल्सवर व्हायरसचा संशय हमखास येतो, कारण मालवेअर लिहिणारेही हीच साधनं वापरतात. फाइल गुपचूप उचलली जाते, आयएसओ (इन्स्टॉलेशन डिस्कची फाइल) तिच्याविनाच बनतो आणि सेटअप संपताना आपोआप चालणाऱ्या सेटअपकॉम्प्लीट स्क्रिप्टला ती सापडत नाही. मी यात कित्येक रात्री घालवल्या आहेत, म्हणून कळकळीने सांगतोय.

अँटिव्हायरस बंद मात्र करू नकोस. फक्त इमेज बनवायच्या फोल्डरला स्कॅनमधून सूट दे. तीही, फाइल मूळ निर्मात्याकडूनच घेतली आहे आणि तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) त्याने दिलेल्या हॅशशी जुळतोय, हे पाहिल्यावरच. व्हायरसटोटल या अनेक अँटिव्हायरसांनी फाइल तपासणाऱ्या वेबसाइटवर एकदोन इंजिनच ओरडत असतील तर बहुधा चुकीचा इशारा असतो, पण बहुधाच! स्वतःच्या स्क्रिप्ट शक्यतो कंपाइल न करता साध्या ठेव. त्यात काय आहे ते कुणालाही वाचता येतं.

नव्या मशीनवर विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडरही हेच करू शकतो, त्याची प्रोटेक्शन हिस्टरी तपास. आणि चुकीचा इशारा अँटिव्हायरस कंपनीला जरूर कळव, पुढच्या अपडेटमध्ये बरेचदा दुरुस्त होतो.